इंग्रजी लिहिताना वाक्य कुठे थांबवावे?

२६ नोव्हेंबर हा दिवस २०१५ सालापासून देशभर संविधान दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपल्या वस्त्यांमधून, शाळांमधून आणि विहारांमधून उद्देशिकेचे सामुदायिक वाचन होते. लहान मुलांनाही ती आता पाठ झाली आहे. पण एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. इंग्रजीतील ही सबंध उद्देशिका म्हणजे एकच वाक्य आहे!

‘वुई’ म्हणजे ‘आम्ही’ या कर्त्याने ते वाक्य सुरू होते. त्या कर्त्याचे क्रियापद मात्र अगदी शेवटच्या ओळीत भेटते. मधल्या जागेत न्याय येतो, स्वातंत्र्य येते, समता येते, बंधुता येते. इतके सगळे एका वाक्यात असूनही वाचणारा कुठे अडखळत नाही, कारण वाट दाखवायला जागोजागी चिन्हे उभी आहेत. ‘सर्व नागरिकांस’ या अर्थाच्या शब्दांनंतर एक अपूर्णविराम आहे. पुढे यादी येत आहे, असे तो सांगतो. मग चार अर्धविराम आहेत. न्यायाचा भाग संपला की एक, स्वातंत्र्याचा संपला की एक, समतेचा संपला की एक आणि बंधुतेचा संपला की एक. न्याय तीन प्रकारचा आहे, सामाजिक, आर्थिक आणि राजकीय. ही आतली वाटणी स्वल्पविरामाने केली आहे. अर्धविराम म्हणजे दोन खोल्यांमधली भिंत आणि स्वल्पविराम म्हणजे एकाच खोलीतल्या फडताळाचा कप्पा. पूर्णविराम सबंध उद्देशिकेत एकच आहे आणि तो शेवटी आहे.

ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष प.पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, त्या समितीच्या नजरेखालून संविधानाचे वाक्य न् वाक्य गेले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी प्रमुख मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचा गौरव केला. तो कशासाठी? अत्यंत गुंतागुंतीचे प्रस्ताव अत्यंत सोप्या आणि स्पष्ट कायदेशीर भाषेत मांडण्याच्या त्यांच्या हातोटीसाठी. ज्या महामानवाने कोलंबिया आणि लंडनच्या विद्यापीठांत इंग्रजीतून प्रबंध लिहिले, त्यालाही लेखनातली सर्वांत मोठी गोष्ट वाटली ती सोपेपणा आणि स्पष्टपणा. जड जड शब्दांचे ओझे नव्हे. आमच्या आजच्या लेखाचा विषय याच स्पष्टपणाशी जोडलेला आहे.

हा विषय कुटुंबाच्या पानावर कशासाठी?

‘विरामचिन्हे हा शाळामास्तरांचा विषय, तो इथे कशाला?’ असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की, आपल्या घरातून आज जे कागद बाहेर जातात, त्यांतील कितीतरी कागद इंग्रजीत असतात. नोकरीचा अर्ज, बँकेला लिहिलेले पत्र, परदेशी शिष्यवृत्तीसाठीचे निवेदन, आयोगाकडे पाठवलेली तक्रार. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर केवळ पात्रतेपुरता असतो. पण त्यात पात्र न ठरलेल्या उमेदवाराचे इतर पेपर जमेस धरले जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयाचे कामकाज संविधानाच्या कलम ३४८ नुसार इंग्रजीत चालते. म्हणजे हक्क मागायला जावे, तर दारात इंग्रजी उभी आहेच.

सावित्रीमाई फुले यांनी १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह कवितेतून धरला होता. त्या काळी शूद्रातिशूद्रांच्या मुलांना अक्षर दिसणेही दुर्लभ होते. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. आपली मुले इंग्रजी शब्द भरपूर जाणतात, मोबाईलवर भराभर लिहितात, व्याकरणाचे काळही ओळखतात. आणि तरीही अर्ज लिहायला बसली की वाक्य कुठे संपवावे हे त्यांना कळत नाही. एक वाक्य सुरू होते आणि स्वल्पविरामांच्या खांद्यावर बसून पानाच्या तळापर्यंत जाते.

ज्या घरात दोन-तीन पिढ्या इंग्रजी वाचली गेली आहे, तिथे मूल ही गोष्ट कानाने आणि डोळ्याने आपोआप उचलते. आपल्याकडे पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाला ती कुणी सांगितलेलीच नसते. आणि कागद वाचणारा साहेब मात्र पहिल्या तीन ओळींत आपले मत बनवून मोकळा होतो. मुलाच्या बुद्धीत काही उणे नसते, उणे असतो तो एक ठिपका. तो शिकायला महागडी शिकवणी लागत नाही. दोन-चार नियम आणि रोजचा थोडा सराव पुरतो.

अडचण येते कुठून?

ही चूक आळसामुळे होत नाही. तिचे मूळ आपल्या मराठीच्या चालीत आहे. मराठीत ही चिन्हे पूर्वी नव्हतीच. पद्यात दंड असे, पण मोडी लिहिताना हात न उचलता ओळ सलग पुढे नेण्याची रीत होती. छपाई आल्यावर इंग्रजीची चिन्हे मराठीत आली. मोल्सवर्थ यांच्या शब्दकोशाच्या कामात साहाय्य करणारे मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहिले आणि मराठीत ही चिन्हे रुजवली. म्हणजे चिन्हे पाहुणी आहेत. मराठी वाक्य त्यांच्यावाचून शेकडो वर्षे चालत होते.

ते चालत होते, कारण मराठीत वाक्य कुठे संपते हे क्रियापदच सांगते. आपले क्रियापद बहुधा शेवटी येते. ‘गेलो’, ‘केले’, ‘आहे’ असे ऐकले की कान समजतो, वाक्य झाले. इंग्रजीत क्रियापद मधे असते आणि त्याच्यामागून आणखी शब्द येत राहतात. त्यामुळे वाक्य कुठे संपले हे ठिपक्यावाचून नीट कळत नाही.

दुसरी गोष्ट कर्त्याची. ‘मी सकाळी उठलो, आंघोळ केली, चहा घेतला, शाळेत गेलो.’ हे मराठीत अगदी बरोबर आहे. मुले हेच इंग्रजीत उतरवतात आणि प्रत्येक तुकड्यात ‘आय’ घालतात. (घरातल्या सर्वांना वाचता यावीत म्हणून इंग्रजी उदाहरणे आम्ही देवनागरीतच देत आहोत.)

आय गॉट अप, आय टुक अ बाथ, आय ड्रँक टी, आय वेंट टु स्कूल.

इथे प्रत्येक ‘आय’बरोबर एक नवे, पूर्ण वाक्य जन्माला आले आहे. चार पूर्ण वाक्ये आणि त्यांना बांधायला नुसते स्वल्पविराम! इंग्रजीत हे चालत नाही. एकतर चार ठिकाणी पूर्णविराम द्यावा, नाहीतर ‘आय’ एकदाच ठेवावा:

आय गॉट अप, टुक अ बाथ, ड्रँक टी अँड वेंट टु स्कूल.

आता कर्ता एक आणि त्याची कामे चार. हे एकच वाक्य झाले आणि स्वल्पविरामही शोभून दिसले.

पूर्ण वाक्य ओळखण्याची कसोटी

ज्यात कर्ता आहे, काळ दाखवणारे क्रियापद आहे आणि जे एकटे उभे राहू शकते, ते पूर्ण वाक्य. स्वल्पविराम दिला की त्याच्या उजवीकडचा भाग हाताने झाकावा आणि डावीकडचा वाचावा. मग डावीकडचा झाकून उजवीकडचा वाचावा. दोन्ही भाग आपापल्या पायांवर उभे असतील, तर तिथे नुसता स्वल्पविराम पुरत नाही. एवढी एक कसोटी मुलाने अंगवळणी पाडली, तरी निम्म्याहून अधिक चुका टळतील असे आम्हांस वाटते.

उदाहरण घेऊ. ‘द टीचर केम, वुई स्टूड अप.’ गुरुजी आले, हे पूर्ण. आम्ही उभे राहिलो, हेही पूर्ण. मग दोघांना जोडायचे कसे? रस्ते चार आहेत.

पहिला रस्ता पूर्णविरामाचा. ‘द टीचर केम. वुई स्टूड अप.’ हा सर्वांत सुरक्षित रस्ता. संशय आला की पूर्णविराम द्यावा आणि पुढचे अक्षर मोठ्या लिपीत काढावे. लहान वाक्ये लिहिली म्हणजे इंग्रजी कच्चे ठरते, हा गैरसमज आहे.

दुसरा रस्ता स्वल्पविराम आणि जोडशब्द या जोडीचा. ‘द टीचर केम, अँड वुई स्टूड अप.’ असे जोडशब्द सातच आहेत: अँड, बट, ऑर, नॉर, सो, येट आणि फॉर. स्वल्पविराम एकटा ओझे पेलत नाही, पण या सातांपैकी एकाने हात दिला की पेलतो.

तिसरा रस्ता अर्धविरामाचा. ‘द टीचर केम; वुई स्टूड अप.’ दोन्ही वाक्ये पूर्ण आहेत, पण अर्थाने एकमेकांना चिकटलेली आहेत, तेव्हा हे चिन्ह वापरावे. हे चिन्ह पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिस शहरातील मुद्रक आल्डस मॅन्युशियस याच्या छापखान्यातून प्रचारात आले. त्याचा आकारच पाहा. वर पूर्णविरामाचा ठिपका, खाली स्वल्पविराम. ठिपका म्हणतो थांब, स्वल्पविराम म्हणतो पुढे चल. अर्जात हे चिन्ह एकदा-दोनदा आले तर उत्तम, ओळीओळीला आले तर मात्र वाचणारा कंटाळतो.

चौथा रस्ता एका वाक्याला दुसऱ्याच्या आधारावर ठेवण्याचा. ‘व्हेन द टीचर केम, वुई स्टूड अप.’ ‘व्हेन’ लागताच पहिला भाग एकटा उभा राहू शकत नाही, तो दुसऱ्यावर टेकतो. म्हणून इथे स्वल्पविराम पुरतो. व्हेन, इफ, बिकॉज, ऑल्दो, सिन्स, आफ्टर, बिफोर हे सारे असेच शब्द.

याखेरीज अपूर्णविरामाचाही एक उपयोग आहे. पहिल्या वाक्याने उत्सुकता निर्माण केली आणि दुसऱ्याने ती पुरी केली, तर मधे अपूर्णविराम देता येतो. ‘आय हॅव वन रिक्वेस्ट: प्लीज रीड माय ॲप्लिकेशन अगेन.’ मात्र त्याच्या डावीकडे पूर्ण वाक्य असले पाहिजे.

मराठी माणूस हमखास फसतो त्या चार जागा

पहिली जागा ‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’. हे शब्द ‘पण’ आणि ‘म्हणून’ यांसारखे वाटतात, तेव्हा मुले त्यांना जोडशब्द समजतात. वर सांगितलेल्या सातांत ते नाहीत. ‘आय अप्लाइड इन टाइम, हाउएव्हर, माय नेम इज नॉट ऑन द लिस्ट’ हे चूक. ‘आय अप्लाइड इन टाइम; हाउएव्हर, माय नेम इज नॉट ऑन द लिस्ट’ हे बरोबर. अर्धविराम नको असेल तर तिथे पूर्णविराम द्यावा, नाहीतर सरळ ‘बट’ वापरावा.

दुसरी जागा ‘बिकॉज’. मराठीत ‘मी आलो नाही. कारण मी आजारी होतो.’ अशी दोन वाक्ये खुशाल चालतात. इंग्रजीत ‘बिकॉज आय वॉज इल’ हा तुकडा अर्जात एकटा ठेवला तर ते अर्धवट वाक्य ठरते. ‘आय डिड नॉट कम बिकॉज आय वॉज इल.’ असे ते एकातच लिहावे. बिकॉजच्या आधी एरवी स्वल्पविरामाचीही गरज नसते.

तिसरी जागा ‘जरी-तरी’. आपल्याकडे जोडी लागते. जरी म्हटले की तरी आलेच, जेव्हा म्हटले की तेव्हा आलेच. त्या सवयीने मुले ‘ऑल्दो’ लिहून पुढे ‘बट’ही लिहितात. ‘ऑल्दो ही वॉज पुअर, बट ही स्टडिड लॉ’ हे चूक. इंग्रजीत दोहोंपैकी एकच शब्द ठेवावा. ‘ऑल्दो ही वॉज पुअर, ही स्टडिड लॉ.’ किंवा ‘ही वॉज पुअर, बट ही स्टडिड लॉ.’

चौथी जागा ‘की’. ‘तो म्हणाला, की मी येईन’ असे लिहिताना आपण ‘की’च्या आधी स्वल्पविराम देतो. ‘ही सेड दॅट ही वुड कम’ यात ‘दॅट’च्या आधी तो देऊ नये.

एक अर्ज, दोन प्रकारे

नियम समजले तरी कागदावर ते कसे दिसतात हे पाहिल्यावाचून पक्के होत नाहीत. म्हणून नमुन्यादाखल एक अर्ज देतो. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळालेली नाही आणि तो समाजकल्याण अधिकाऱ्यांना लिहीत आहे.

‘आय ॲम अ स्टुडंट ऑफ सेकंड इयर बी.कॉम., आय बिलाँग टु शेड्यूल्ड कास्ट, आय अप्लाइड फॉर स्कॉलरशिप इन ऑगस्ट, आय गेव्ह ऑल पेपर्स, टिल नाऊ आय डिड नॉट गेट इट, द कॉलेज इज आस्किंग फीज, माय फादर इज अ लेबरर, बिकॉज ऑफ धिस आय कॅनॉट फिल एक्झाम फॉर्म, प्लीज हेल्प मी.’

यातले दुःख खरे आहे आणि शब्दही बहुतेक बरोबर आहेत. पण नऊ गोष्टी एका दावणीला बांधल्या गेल्या आहेत. त्यांत मुख्य गोष्ट कोणती? ‘बिकॉज ऑफ धिस’ म्हणजे कशामुळे? शिष्यवृत्ती आली नाही त्यामुळे, की कॉलेज फी मागते त्यामुळे, की वडील मजूर आहेत त्यामुळे? आणि ‘हेल्प’ म्हणजे अधिकाऱ्याने नेमके करायचे काय? आता हाच अर्ज असा लिहून पाहू:

‘आय ॲम अ सेकंड-इयर बी.कॉम. स्टुडंट, अँड आय बिलाँग टु अ शेड्यूल्ड कास्ट. आय अप्लाइड फॉर द स्कॉलरशिप इन ऑगस्ट; ऑल द पेपर्स वेअर अटॅच्ड. द मनी हॅज नॉट कम. द कॉलेज इज नाऊ आस्किंग फॉर द फीज, अँड आय कॅनॉट फिल इन द एक्झाम फॉर्म विदाउट पेइंग देम. प्लीज रिलीज द स्कॉलरशिप बिफोर द लास्ट डेट.’

पाच वाक्ये झाली. मी कोण, मी काय केले, काय झाले नाही, त्याचा परिणाम काय, आणि तुम्ही काय करावे. तिसरे वाक्य सर्वांत लहान आहे आणि सगळी तक्रार त्यातच आहे. ते दोन पूर्णविरामांच्या मधे एकटे उभे आहे, म्हणून नजर तिथेच जाते. वडील मजूर आहेत हे वाक्य आम्ही गाळले. मजुरी करण्यात कमीपणा मुळीच नाही. पण शिष्यवृत्ती ही कुणाची दया नव्हे, तो हक्क आहे. हक्क मागताना आधी हक्काची गोष्ट नीट मांडावी, मग गरज असेल तर बाकीचे सांगावे. कुठे थांबायचे ते ठरवू लागलो की काय सांगायचे आणि काय नाही, हेही आपोआप ठरू लागते.

न्यायालयात उभा राहिलेला स्वल्पविराम

एवढ्याशा चिन्हाने खरेच काही बिघडते का, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी दोन खटले सांगतो.

पहिला आपल्याच राज्यातला. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या कलम २७ खाली महाराष्ट्रातील एका इसमावर खटला झाला. त्याच्याजवळ गोळ्यांचा साठा सापडला होता. कलमात विक्रीसाठी उत्पादन करणे, विकणे, साठा करणे किंवा विक्रीसाठी मांडणे अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. ‘साठा करणे’ या अर्थाच्या ‘स्टॉक्स’ शब्दानंतर स्वल्पविराम नव्हता. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, स्वल्पविराम नाही याचा अर्थ साठा करणे आणि मांडणे ही दोन्ही ‘विक्रीसाठी’ या शब्दांना जोडलेली आहेत. तेव्हा नुसता साठा जवळ असणे पुरेसे नाही, तो विक्रीसाठी होता हे सिद्ध व्हावे लागेल. सर्वच निकाल चिन्हांवर लागतात असे मात्र नाही. १९५२ च्या एका निकालात याच न्यायालयाने विरामचिन्हांना अर्थ लावण्याचे गौण साधन म्हटले होते. पण जिथे शब्द दोन्हीकडे झुकतात, तिथे गौण साधनही तराजूचे पारडे हलवते.

दुसरा खटला अमेरिकेतील मेन राज्यातला, आणि तो कामगारांचा आहे. ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांनी जादा कामाचा मोबदला मागितला. नाशवंत अन्नाच्या काही कामांना हा मोबदला लागू नाही, असे राज्याचा कायदा सांगत होता आणि त्याने कामांची एक यादी दिली होती. यादीच्या शेवटी ‘पाठवणी किंवा वितरण यांसाठी बांधणी’ अशा अर्थाचे शब्द होते आणि ‘पाठवणी’नंतर स्वल्पविराम नव्हता. मालक म्हणाले, बांधणी हे एक काम आणि वितरण हे वेगळे काम, म्हणून चालकांना मोबदला नाही. चालक म्हणाले, कायद्यात फक्त बांधणी आहे, मग ती पाठवणीसाठी असो वा वितरणासाठी. आम्ही बांधणी करीत नाही, आम्ही माल पोचवतो. २०१७ साली अपील न्यायालयाने कायदा संदिग्ध आहे असे ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला. २०१८ साली ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. मेनच्या विधिमंडळाने पुढे ती यादी सुधारली, तेव्हा प्रत्येक कामानंतर अर्धविराम घातला. आपल्या उद्देशिकेत न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांच्यामध्ये जे चिन्ह आहे, तेच!

नियमाला एक अपवाद

‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ ही घोषणा आपल्या घराघरात आहे. इंग्रजीतही ती ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ’ अशी स्वल्पविरामांनी लिहिलेली आपण पाहतो. मग एखादा हुशार मुलगा विचारील की, हे तिन्ही शब्द आज्ञार्थी आहेत, प्रत्येक जण एकटा उभा राहू शकतो, तर इथे नुसते स्वल्पविराम कसे चालतात? प्रश्न योग्य आहे. वाक्ये फार लहान असतील, एकाच घडणीची असतील आणि एकामागून एक पावले टाकावीत तशी येत असतील, तर इंग्रजीत स्वल्पविराम चालतो. घोषणेला आणि भाषणाला ती मुभा आहे. अर्जाला आणि उत्तरपत्रिकेला ती घेऊ नये.

घरी करावयाचा सराव

आई-वडिलांना इंग्रजी येत नसले तरी हा सराव त्यांना करून घेता येईल. मुलाने लिहिलेला परिच्छेद त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. जिथे त्याचा श्वास संपतो आणि पूर्णविराम मात्र आलेला नाही, तिथे बोट ठेवून एवढेच विचारावे, ‘इथे वाक्य झाले का?’ उत्तर त्याने शोधावे. शोधता शोधताच तो शिकेल.

दुसरा सराव वाचनाचा. बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मजकूर क्रमांक घालून छोट्या छोट्या तुकड्यांत मांडला आहे आणि बहुतेक वाक्ये आटोपशीर आहेत. इंग्रजी प्रत घेऊन मुलाने रोज एक पान वहीत उतरवावे आणि प्रत्येक चिन्हाभोवती लाल पेनने वर्तुळ काढावे. पूर्णविराम किती, अर्धविराम किती, आणि जिथे स्वल्पविराम आहे तिथे त्याला कोणत्या शब्दाने हात दिला आहे, हे मोजावे. महिनाभरात हात वळेल, आणि धम्माचे वाचनही होईल.

तिसरा सराव विहारातला. रविवारी मुले जमतात तेव्हा मोठ्या मुलांनी फळ्यावर एक लांबलचक चुकीचे वाक्य लिहावे आणि लहानांनी खडूने ते तोडावे. वर दिलेला अर्ज त्यासाठी वापरला तरी चालेल. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुला-मुलींनी यासाठी आठवड्यातला एक तास द्यावा, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे. ज्याला पहिल्यांदा कळले त्याने मागच्याचा हात धरावा, ही आपल्या चळवळीची रीतच आहे.

भगवान बुद्धांनी सम्यक वाणीला अष्टांगिक मार्गात स्थान दिले. खरे बोलावे, कठोर बोलू नये, वायफळ बोलू नये, ही तिची शिकवण. कागदावर लिहिलेले शब्दही वाणीच आहेत. आपल्या मुला-मुलींजवळ सांगण्यासारखे खूप आहे आणि मागण्यासारखे हक्काचे आहे. ते त्यांनी एका वाक्यात एक गोष्ट घालून, ताठ मानेने, जिथे थांबायचे तिथे थांबून सांगावे.

जयभीम!